फोरेलचा 'ल लेमाँ' ग्रंथ आणि खोल सरोवराचे रसायन

शास्त्रीय ग्रंथ दोन प्रकारांनी जुना होतो. त्यातील निष्कर्ष पुढील संशोधनाने खोटे ठरतात, हा एक प्रकार. ते निष्कर्ष इतके सर्वमान्य होतात की मूळ ग्रंथ उघडून पाहण्याचे कारणच उरत नाही, हा दुसरा. फ्रांस्वा-आल्फोंस फोरेल याच्या 'ल लेमाँ' ह्या त्रिखंडात्मक ग्रंथाच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार थोडेथोडे आले आहेत. परंतु ह्या ग्रंथाच्या बाबतीत आणखी एक, क्वचितच आढळणारी गोष्ट घडली आहे. ज्या सरोवराचे वर्णन त्यात केले आहे, ते सरोवरच मधल्या शतकात बदलले आहे. ग्रंथ आणि त्याचा विषय यांत पडलेले हे अंतर फोरेलच्या विवेचनाची बळकट बाजू व दुबळी बाजू या दोहोंवर प्रकाश टाकते. त्या अंतराच्या आधारे ह्या ग्रंथाचे पुन्हा परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

लेमाँ म्हणजे इंग्रजी ग्रंथांतून जिनीव्हा सरोवर या नावाने परिचित असलेले, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर, घनफळ सुमारे ८९ घन किलोमीटर आणि कमाल खोली सुमारे ३१० मीटर आहे. रोन नदी पूर्वेकडून त्यात शिरते व पश्चिमेस जिनीव्हा शहरापाशी बाहेर पडते. सरोवराचे दोन भाग पडतात. पूर्वेचा मोठा भाग अतिशय खोल असून पश्चिमेकडील चिंचोळ्या भागाची खोली जेमतेम सत्तर मीटरांच्या आसपास आहे. सरोवरातील सर्व पाणी एकदा बदलले जाण्यास सरासरीने अकरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. पुढील विवेचनात ह्या शेवटच्या आकड्याचे महत्त्व दिसून येईल.

फोरेलचा जन्म १८४१ मध्ये ह्याच सरोवराच्या काठी मॉर्ज येथे झाला आणि त्याचे निधन १९१२ मध्ये झाले. व्यवसायाने तो लोझान येथे शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान यांचा प्राध्यापक होता. सरोवरांच्या अभ्यासाला 'लिम्नॉलॉजी' म्हणजे सरोवरविज्ञान हे नाव त्याने दिले व त्या नावाला शोभेल असा पहिला ग्रंथही त्यानेच लिहिला. 'ल लेमाँ'चे तीन खंड अनुक्रमे १८९२, १८९५ व १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात भूगोल, भूशास्त्र, हवामान व जलमान. दुसऱ्यात पाण्याची गती, उष्णता, प्रकाश, ध्वनी व रसायन. तिसऱ्यात जीवसृष्टी, इतिहास, नौकानयन आणि मासेमारी, अशी त्याची मांडणी आहे. एकाच जलाशयाकडे इतक्या बाजूंनी पाहणारा ग्रंथ त्यापूर्वी झाला नव्हता. फोरेलचे खरे श्रेय ह्या समग्र दृष्टीत आहे. मात्र ती दृष्टी प्रकरणांच्या भिंती ओलांडून कितपत पलीकडे गेली, हा ह्या परीक्षणातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

२

ग्रंथाच्या बळकट बाजूपासून आरंभ करणे न्याय्य ठरेल. लेमाँच्या काठी पाण्याची पातळी वारा नसतानाही लयीत चढते व उतरते, हे तेथील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. ह्या चढउतारास तेथे 'सेश' म्हणतात. १८६९ पासून फोरेलने त्याची पद्धतशीर निरीक्षणे केली. हा चढउतार म्हणजे संपूर्ण सरोवराचे आंदोलन होय, परातीतील पाणी एका बाजूने कलंडून सोडले असता जसे हेलकावते तसेच हे आहे, हे त्याने सिद्ध केले. सरोवराच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या मुख्य आंदोलनाचा काळ सुमारे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर मिनिटे आहे. लोकांच्या अनुभवातील एक चमत्कार द्रवगतिशास्त्राच्या चौकटीत बसविण्याचे हे कार्य आजही निर्दोष ठरते.

रोनच्या पाण्यासंबंधीचे त्याचे स्पष्टीकरणही तितकेच टिकाऊ आहे. १८८५ च्या सुमारास झालेल्या खोलीमापनात रोनच्या मुखासमोर सरोवराच्या तळावर एक लांब घळ आढळली. हिमनद्यांच्या वितळण्यातून येणारे नदीचे पाणी थंड व गाळाने भरलेले असते. सरोवरातील पाण्यापेक्षा ते जड असल्याने पृष्ठाखाली बुडते व उतारावरून तळाकडे वाहत जाते. घळीचा संबंध ह्या प्रवाहाशी आहे, असे फोरेलने दाखविले. पुढे समुद्रतळावरील घळींच्या अभ्यासात गढूळ, जड प्रवाहांना जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे बीज येथे आहे. सरोवराच्या रंगाची तुलना करण्यासाठी त्याने निळ्या व पिवळ्या द्रावणांच्या मिश्रणातून तयार केलेली रंगश्रेणी ऊले याने तपकिरी छटांची भर घालून वाढविली, आणि त्या दोघांच्या नावाने ती अद्याप वापरात आहे.

ह्या तिन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. प्रत्येक ठिकाणी फोरेलपुढे गती आहे, किंवा सहज मोजता येणारी एखादी भौतिक राशी आहे. अशा ठिकाणी त्याची बुद्धी निःशंकपणे चालते. जेथे एका प्रक्रियेचा दुसऱ्या प्रक्रियेवर होणारा दीर्घकालीन परिणाम पाहावयाचा असतो, तेथे मात्र विवेचन थांबते. उष्णता व रसायन ह्या दोन प्रकरणांत ही मर्यादा विशेषेकरून जाणवते.

३

खोल सरोवराच्या उष्णतेचा विचार पाण्याच्या एका सर्वपरिचित गुणधर्मापासून सुरू होतो. गोड्या पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला कमाल असते. त्याहून उष्ण व त्याहून थंड अशी दोन्ही पाणी हलकी असतात. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो व खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतो. दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर तयार होतो आणि वरचे पाणी व खोल पाणी यांतील देवघेव जवळजवळ बंद पडते. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होत होत खालच्याइतकेच जड झाले म्हणजे वाऱ्याच्या साहाय्याने सरोवर ढवळले जाते.

ह्या तत्त्वावर फोरेलने सरोवरांचे तीन वर्ग केले. ज्यांच्या पृष्ठाचे तापमान कधीही ४ अंशांच्या वर जात नाही ती ध्रुवीय. ज्यांचे उन्हाळ्यात वर व हिवाळ्यात खाली जाते ती समशीतोष्ण. आणि ज्यांचे कधीही ४ अंशांखाली उतरत नाही ती उष्णकटिबंधीय. ही व्याख्या तर्कशुद्ध आहे, परंतु तिचा परिणाम विलक्षण आहे. लेमाँच्या मुख्य भागातील पाणी सामान्य हिवाळ्यात ४ अंशांपर्यंत उतरत नाही. म्हणून आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेले हे सरोवर ह्या वर्गीकरणानुसार उष्णकटिबंधीय ठरते!

केवळ नावाचा विचित्रपणा हाच दोष असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. खरा दोष असा की, ह्या एका वर्गात भौतिक दृष्ट्या अगदी भिन्न अशी सरोवरे एकत्र येतात. पाण्याचे तापमान ५ वरून ६ अंशांवर गेले तर त्याच्या एका घन मीटरचे वजन सुमारे २४ ग्रॅमनी कमी होते; २५ वरून २६ वर गेले तर सुमारे २६० ग्रॅमनी. म्हणजे तापमानातील तोच एक अंशाचा फरक उष्ण पाण्यात सुमारे दसपटीहून अधिक परिणामकारक ठरतो. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराची खोली सुमारे १,४७० मीटर आहे. त्याच्या पृष्ठाच्या व तळाच्या तापमानांत थोड्याच अंशांचे अंतर असते. तरीही तेवढ्याने पाण्याचे थर इतके स्थिर राहतात की शे-दोनशे मीटरांच्या खाली प्राणवायू आढळत नाही. तळाचे पाणी तर २३ अंशांहूनही उष्ण आहे. लेमाँ व टांगानिका यांना एकाच वर्गात घालणारी व्याख्या तापमानाचा आकडा पाहते, घनतेतील फरक पाहत नाही.

खोलीचा विचारही ह्या वर्गीकरणात सुटतो. पाण्यावरील दाब वाढला की कमाल घनतेचे तापमान खाली येते. दर शंभर मीटरला ही घट सुमारे ०.२ अंश असते, म्हणून तीनशे मीटर खोलीवर कमाल घनता ४ अंशांऐवजी सुमारे ३.४ अंशांना येते. लेमाँमध्ये खोल पाणी याहून उष्ण असल्याने हा परिणाम तेथे गौण राहतो. परंतु सायबेरियातील बायकल सरोवरात तो निर्णायक आहे. १,६४२ मीटर खोलीच्या त्या सरोवराच्या तळाशी सुमारे साडेतीन अंशांहूनही थोडे थंड पाणी आढळते, आणि जगातील सर्वांत खोल असूनही त्याच्या तळापर्यंत भरपूर प्राणवायू पोहोचतो. बायकल व टांगानिका यांची तुलना करणाऱ्याला एक गोष्ट मान्य करावीच लागते: तळाच्या पाण्याची स्थिती खोलीवरून ठरत नाही, ते पाणी किती काळाने व कोणत्या मार्गाने नवे होते, यावरून ती ठरते.

१९५६ मध्ये हचिन्सन व लॉफ्लर यांनी वर्षातून किती वेळा मिश्रण होते ह्या कसोटीवर नवे वर्गीकरण मांडले. ते फोरेलच्या वर्गीकरणापेक्षा निःसंशय सरस आहे, कारण त्याचे लक्ष परिणामावरून क्रियेकडे वळले. तथापि लेमाँच्या बाबतीत तेही अपुरे पडते. ह्या सरोवरात हिवाळी मिश्रण दर वर्षी होते, पण ते तळापर्यंत काही मोजक्या वर्षीच पोहोचते. 'वर्षातून एकदा' हे उत्तर शंभर मीटरांपर्यंतच्या पाण्यास लागू पडते. तळाच्या पाण्यास पडत नाही.

४

'ल लेमाँ'च्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस रसायनाचा विचार येतो. पाण्यात विरघळलेले क्षार, वायू व सेंद्रिय द्रव्ये यांचे हे विवेचन त्या काळातील रासायनिक पृथक्करणाच्या पद्धतीस धरून आहे. लेमाँचे पाणी कॅल्शियम व बायकार्बोनेट यांनी युक्त असे कठीण पाणी आहे. अशा घटकांच्या बाबतीत केव्हातरी घेतलेल्या काही नमुन्यांवरून संपूर्ण सरोवराचे अनुमान करणे फारसे चुकीचे नाही, कारण त्यांचे प्रमाण सावकाश बदलते. दोष तेव्हा उत्पन्न होतो, जेव्हा हीच दृष्टी प्राणवायू, फॉस्फरस व नत्र यांनाही लावली जाते.

प्राणवायू हा पाण्याचा स्थिर गुणधर्म नव्हे. तो एक चालू हिशेब आहे. जमा दोन मार्गांनी होते: हवेतून व वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून, आणि दोन्ही मार्ग पृष्ठाजवळचे आहेत. खर्च सर्वत्र होतो, विशेषतः तळाशी, जेथे वरून पडणारे मृत जीवद्रव्य कुजते. समुद्रसपाटीच्या हवेशी समतोल असलेल्या ५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १२.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस केवळ सुमारे ७.६. थंड खोल पाण्याची ठेव मोठी असते हे खरे. पण मिश्रणाने ती पुन्हा भरली नाही तर ती वर्षानुवर्षे घटत जाते. म्हणून खोल पाण्यातील प्राणवायूचा एखादा आकडा, शेवटचे पूर्ण मिश्रण केव्हा झाले हे सांगितल्यावाचून, निरर्थक असतो. उष्णता व रसायन ही दोन प्रकरणे येथे एकमेकांत मिसळली पाहिजेत. फोरेलच्या ग्रंथात ती शेजारी शेजारी उभी आहेत.

फॉस्फरसाचा मार्ग याच्या उलट आहे. पृष्ठाजवळ वनस्पतिप्लवक तो शोषून घेतात. ते मेल्यावर तो खाली जातो आणि खोल पाण्यात व गाळात साठतो. तळाशी प्राणवायू असेपर्यंत लोहाच्या संयुगांमुळे त्याचा बराच भाग गाळात अडकून राहतो. प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात मोकळा होतो. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात मॉर्टिमर याने १९४१-४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने गाळ व पाणी यांमधील ही देवघेव स्पष्ट केली. यावरून मिश्रणाचे दुहेरी स्वरूप ध्यानात येते. ते प्राणवायू खाली नेते आणि साठलेले पोषकद्रव्य वर आणते.

५

विसाव्या शतकाने लेमाँवर जो अनिच्छित प्रयोग केला, त्याने ह्या विचाराची कसोटी पाहिली. सांडपाणी, शेतीतील खते व धुलाईच्या चूर्णातील फॉस्फेट यांमुळे सरोवरातील फॉस्फरस वाढत गेला. १९५७ पासून खोल भागातील नियमित निरीक्षणे उपलब्ध आहेत. त्यांवरून असे दिसते की, १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात फॉस्फरसाचे सरासरी प्रमाण लिटरमागे सुमारे ९० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचले. खोल सरोवरातील तळाच्या पाण्याचा साठा प्रचंड असल्याने ते सहजासहजी बिघडत नाही, अशी जी समजूत थीनमान यांच्या काळापासून सरोवरविज्ञानात रूढ होती, तिला ह्या आकड्याने धक्का दिला. मोठा साठा बिघाड टाळत नाही, तो लांबणीवर टाकतो. आणि ज्याचे पाणी बदलण्यास अकरा वर्षे लागतात, ते सरोवर सुधारण्यासही तितकाच वेळ घेते.

उपाययोजना झाली. दोन्ही देशांनी मिळून स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या देखरेखीखाली सांडपाण्यातून फॉस्फरस काढून टाकण्याची व्यवस्था उभारली गेली, आणि १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपडे धुण्याच्या चूर्णातील फॉस्फेटवर बंदी घातली. फॉस्फरस हळूहळू उतरला व अलीकडच्या वर्षांत तो २० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा खाली आला. केवळ रासायनिक हिशेब पाहणाऱ्याने येथे समाधानाने वही मिटली असती.

परंतु त्याच काळात भौतिक स्थिती बदलत होती. हिवाळे सौम्य झाले, वरचे पाणी तापले, आणि खोल पाण्याचे तापमानही चढत गेले. तळापर्यंतचे मिश्रण २००५-०६ च्या सुमारास व पुढे २०१२ मध्ये झाले. त्यानंतर दशकभर ते झाले नाही. परिणामी मोठ्या भागाच्या तळाशी प्राणवायू घटत गेला आणि लिटरमागे ४ मिलिग्रॅम ही मासे व तळजीवांच्या दृष्टीने पाळावयाची मर्यादा त्याने खालच्या बाजूस ओलांडली. फॉस्फरस कमी होऊनही तळाची घुसमट वाढली, हे रसायनाच्या स्वतंत्र प्रकरणात न सुटणारे कोडे आहे. ते उष्णतेच्या प्रकरणात सुटते. ज्या वर्षी पूर्ण मिश्रण पुन्हा होईल, त्या वर्षी तळास प्राणवायू मिळेल, पण दीर्घकाळ साठलेला फॉस्फरसही पृष्ठाकडे येईल. एकाच घटनेत औषध व अपाय अशी ही स्थिती आहे.

६

ह्या परीक्षणावर एक आक्षेप संभवतो. जे मोजण्याची साधने व जे पाहण्यास लागणारा काळ फोरेलजवळ नव्हता, त्याबद्दल त्याला दोष देणे कितपत योग्य? विंक्लर याने पाण्यातील प्राणवायू मोजण्याची सोपी पद्धत १८८८ मध्ये मांडली. अनेक सरोवरांत खोलीनुसार वायूंचे व्यापक मापन बर्ज व जुडे यांच्या १९११ च्या ग्रंथातच प्रथम समोर आले. पाण्याच्या आतल्या थरांचेही स्वतंत्र आंदोलन असते, ही गोष्ट स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरावरून १९०४ मध्ये, म्हणजे 'ल लेमाँ'चा शेवटचा खंड प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, वॉटसन याने मांडली. एका ठिकाणी एका दिवशी घेतलेले तापमान ह्या आंतर-आंदोलनामुळे फसवे ठरू शकते, हे फोरेलला कळणे शक्य नव्हते.

आक्षेप योग्य आहे व तो मान्यही केला पाहिजे. तथापि टीकेचा रोख फोरेलच्या अज्ञानावर नाही. त्याच्या ग्रंथाच्या मांडणीने जी सवय लावली आणि जी पुढील पाठ्यपुस्तकांनी विनातक्रार उचलली, तिच्यावर आहे. सरोवराची 'भौतिक स्थिती' एका प्रकरणात व 'रासायनिक स्थिती' दुसऱ्या प्रकरणात. तापमानाचे एक कोष्टक, प्राणवायूचे दुसरे. आणि दोन्ही कोष्टकांवर एकाच तारखेचा शिक्का: ही पद्धत अद्यापही पदव्युत्तर प्रबंधांतून आढळते. अशा प्रबंधात आकडे बरोबर असतात, पण सरोवर सापडत नाही. खोल सरोवराच्या बाबतीत 'स्थिती' हा शब्दच काहीसा फसवा आहे. तळाशी असलेले आजचे पाणी आजच्या हवामानाचे नसते; मागे केव्हातरी झालेल्या एखाद्या कडक हिवाळ्याचे ते अवशेष असते. त्याचा नमुना घेणे म्हणजे इतिहासाचा एक कागद हाती घेणे होय, आणि तो वाचण्यास तारीख माहीत असावी लागते.

विशेष म्हणजे ह्या चुकीच्या सवयीवरील उताराही 'ल लेमाँ'मध्येच आहे. रोनचे जड पाणी तळाकडे वाहत जाते हे फोरेलने दाखविले. म्हणजे पृष्ठावरील पाणी हिवाळी मिश्रणावाचूनही खोल जाण्याचा एक मार्ग त्याने ओळखला होता. थंडीत काठालगतचे उथळ पाणी खोल भागापेक्षा लवकर थंड होते व उतारावरून खाली घसरू शकते, हेही त्याच तत्त्वाचे दुसरे रूप आहे. अशा प्रवाहांतून तळास किती प्राणवायू पोहोचतो, हा प्रश्न पूर्ण मिश्रणे दुर्मिळ झालेल्या काळात अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला आहे. गतीच्या प्रकरणात त्याने जे लिहिले, ते रसायनाच्या प्रकरणात नेऊन वाचले तर ग्रंथ पुन्हा नवा होतो.

सारांश, 'ल लेमाँ'मधील वर्गीकरण सोडून द्यावे, रसायनाचे आकडे १९ व्या शतकाच्या अखेरची नोंद म्हणून जपावेत आणि त्यातील गतिविषयक विवेचन आजही कसून अभ्यासावे, असा निर्णय देता येतो. ज्या एकसंध दृष्टीची प्रतिज्ञा फोरेलने केली, ती त्याच्या खंडांत पूर्णपणे उतरली नाही. परंतु ती उतरली नाही हे ज्या मापाने कळते, ते मापही त्यानेच पुढील पिढ्यांच्या हाती दिले, हे विसरता येत नाही.